पेपरातली बातमी ते पॉकेट कार्टून: एका दुपारचं काम

व्यंगचित्र शिकायला येणारी मुलं पहिल्या दिवशी वहीतले चेहरे दाखवतात. लांब नाकाचा पुढारी, सुटलेल्या पोटाचा पुढारी, तिरक्या टोपीचा पुढारी. हात चांगला असतो, साम्यही जमलेलं असतं. मी विचारतो, "हा माणूस काय करतोय?" उत्तर येत नाही. अर्कचित्र, म्हणजे चेहऱ्याच्या खुणा वाढवून काढलेलं चित्र, ही मोठी कला आहे आणि ती यायलाच हवी, पण वर्तमानपत्रातलं व्यंगचित्र चेहऱ्यापासून सुरू होत नाही. कुणी, कुणाचं, काय केलं, या प्रश्नापासून ते सुरू होतं. चेहरा त्यानंतर येतो आणि पुष्कळदा त्याची गरजही पडत नाही.

त्या प्रश्नापासून छापायला पाठवायच्या फाइलपर्यंतचा रस्ता इथे दाखवतो. तीन-चार कॉलमी मोठं राजकीय चित्र बाजूला ठेवलंय आणि एका कॉलमातलं पॉकेट कार्टून घेतलंय: एक चौकट, दोन-तीन माणसं, खाली एक ओळ. जागा इतकी थोडी असते की काय म्हणायचंय ते ठरल्यावाचून पेन्सिल पुढे सरकतच नाही. म्हणून शिकणाऱ्याने तिथूनच सुरुवात करावी.

आधी आठवडाभर नुसतं बघा

पुण्यात राहणाऱ्याला यासाठी फार लांब जायला नको. आर. के. लक्ष्मण यांचं अखेरच्या काळातलं वास्तव्य पुण्यात होतं आणि २६ जानेवारी २०१५ रोजी ते इथेच गेले. सिंबायोसिसच्या आवारात त्यांच्या कॉमन मॅनचा पुतळा आहे आणि बालेवाडीत २०२२ पासून त्यांच्या चित्रांचं संग्रहालय आहे. १९५१ साली 'टाइम्स ऑफ इंडिया'त त्यांनी 'यू सेड इट' हे पॉकेट कार्टून सुरू केलं आणि ते काही दशकं चाललं. संग्रहालयात जाल तेव्हा प्रत्येक चित्राखालची ओळ तळहाताने झाका. नुसतं चित्र बघून या खोलीत सत्ता कुणाच्या हातात आहे, कोण ताटकळलंय आणि कोण खोटं बोलतंय हे सांगता येतं का ते बघा. बहुतेक वेळा येतं. मग हात काढा आणि ओळ वाचा. ओळ चित्राचं वर्णन करत नसते, चित्राला एका बाजूला हळूच कलवत असते. आणि चौकटींचा कोट, धोतर, गोल चष्मा घातलेला कॉमन मॅन कुठे उभा आहे ते वहीत लिहून ठेवा. तो दाराशी असेल, खुर्चीमागे असेल, मोर्चाच्या कडेला असेल. तो बोलत नाही. बोलतात ते दुसरेच, आणि तो ऐकत असतो म्हणूनच त्यांचं बोलणं उघडं पडतं.

दुसरं टोक शि. द. फडणीसांचं. १९२५ साली जन्मलेल्या या कलावंताच्या बहुतेक चित्रांखाली शब्दच नाहीत. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांतली त्यांची चित्रं ज्यांनी लहानपणी पाहिली आहेत, त्यांना वेगळं सांगायला नको. ती चित्रं राजकीय नाहीत, पण चित्रानेच सगळं सांगून टाकण्याची शिस्त त्यांच्यासारखी दुसरीकडे क्वचितच सापडेल. आठवड्यातले दोन दिवस त्यांच्यासाठी ठेवा.

आणि मंगेश तेंडुलकर. हा माणूस दिवाळीत नळ स्टॉपच्या चौकात उभा राहून स्वतः काढलेली वाहतुकीवरची शुभेच्छापत्रं वाहनचालकांच्या हातात द्यायचा. २०१७ साली ते गेले. सिग्नल तोडणं हाही व्यंगचित्राचा विषय आहे आणि ते चित्र सिग्नलवर थांबलेल्या माणसापर्यंत पोचलं पाहिजे, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

बातमी निवडणं

सकाळी पेपर उघडला की पहिल्या पानावरचा मोठा मथळा सोडून द्या. त्याच्यावर दहा जण काढणार आहेत आणि त्यातले निम्मे तुमच्याआधी पाठवतील. शहराच्या पानांवर या. प्रत्येक बातमीला दोन प्रश्न विचारा. याने आज कुणाला झळ बसतेय? आणि हे बदलणं कुणाच्या हातात होतं? दोन्ही उत्तरं सापडली तर बातमीवर खूण करा. पहिलंच सापडलं तर ती दुःखाची बातमी आहे, व्यंगचित्राची नाही. अपघात, आग, पूर यांत गेलेल्या माणसांवर चित्र काढू नये. त्यांच्यावर ती वेळ ज्यामुळे आली, त्याच्यावर जरूर काढावं, पण निदान त्या दिवसाचा शोक संपू द्यावा.

आजच्या कामासाठी पावसाळ्यातली, दर दोन-तीन वर्षांनी हमखास येणारी बातमी घेऊ. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साधारण २९ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) साठवण. धरणं भरतात, मुठा नदीत विसर्ग सुरू होतो, भिडे पूल पाण्याखाली जातो, धरणावर मान्यवरांच्या हस्ते जलपूजन होतं. त्याच दिवशी शहराच्या कडेच्या सोसायट्यांच्या दारात टँकर उभे असतात. दोन्ही गोष्टी एकाच पेपरात, कधी कधी एकाच पानावर असतात. शेजारी शेजारी उभ्या असून एकमेकींकडे न बघणाऱ्या अशा दोन गोष्टी दिसल्या की समजा, इथे चित्र आहे.

म्हणणं एका ओळीत लिहा

ही पायरी सगळ्यांना कंटाळवाणी वाटते आणि मी तिच्यावरच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. कोऱ्या कागदावर साधं वाक्य लिहायचं. गंमत नको, उपमा नको. 'पाणीटंचाई वाईट' हे वाक्य चालणार नाही, कारण त्यात कर्ता नाही. 'सरकार नालायक आहे' हेही चालणार नाही, कारण त्यात गोष्ट नाही. चार-पाच वेळा खोडल्यावर माझं वाक्य असं झालं: 'पाण्याचा सोहळा करणाऱ्यांनी पाणी घरात पोचवायचं काम टँकरवाल्यावर सोडलंय.' आता कर्ता आहे, क्रिया आहे आणि ज्याला सोसावं लागतंय तोही आहे.

हे वाक्य का लिहायचं, ते मला एका चुकीने शिकवलं. सुरुवातीच्या काळात मी फुटपाथवरच्या अतिक्रमणावर एक चित्र काढलं होतं. फुटपाथभर पसरलेली भाजी, मध्ये फतकल मारून बसलेली मावशी, आणि रस्त्यातून जीव मुठीत धरून चालणारे आजोबा. चित्र छापून आलं, लोकांना आवडलं. आठवड्याने मंडईजवळ त्याच वयाच्या एका मावशींनी कात्रण दाखवलं. त्यांच्या मुलाने ते कापून ठेवलं होतं. त्या म्हणाल्या, "दादा, मला बरोबर काढलीय. पण माझा परवाना दोन वर्षं अडवलाय तो साहेब कुठं दिसला नाही." त्यांचा आवाजही चढला नव्हता. मी घरी येऊन ते चित्र पुन्हा पाहिलं. आजोबांना त्रास देणारं माणूस म्हणून मी मावशींना उभं केलं होतं, कारण रस्त्यावर त्या दिसत होत्या आणि कचेरीतला माणूस दिसत नव्हता. जो दिसत नाही त्याला दाखवणं हेच माझं काम होतं आणि मी ते केलं नव्हतं. त्या दिवसापासून वाक्यातला कर्ता नक्की झाल्याशिवाय मी रेघ ओढत नाही.

प्रसंग शोधणं

आता ते वाक्य पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर घडायला हवं. इथे बहुतेक जण पहिली सुचलेली प्रतिमा उचलतात: कोरडा नळ, त्याला लटकलेला एक थेंब, खाली जीभ काढलेला माणूस. महागाईचा राक्षस, भ्रष्टाचाराचा अजगर, खुर्चीला चिकटलेला पुढारी ही सगळी त्याच गोतावळ्यातली. ती चित्रं इतक्यांदा येऊन गेलीत की वाचकाचा डोळा त्यांच्यावर थांबतच नाही. पहिल्या तीन कल्पना कागदावर उतरवा आणि त्यांच्यावर काट मारा. त्या तुमच्या नाहीत, सगळ्यांच्या आहेत.

मग हे करा. बातमीतली मोठी, सरकारी, समारंभी कृती घ्या आणि ती घरातल्या, गल्लीतल्या, रोजच्या जागी नेऊन ठेवा. किंवा उलट करा. व्यंगचित्रकार अबू अब्राहम यांचं १० डिसेंबर १९७५ रोजी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये आलेलं चित्र हा याचा उत्तम धडा आहे. आणीबाणी चालू, अध्यादेशावर अध्यादेश निघताहेत, आणि राष्ट्रपती न्हाणीघरात टबमध्ये बसूनच कागदावर सही करून तो दाराबाहेर देताहेत. बाकी अध्यादेश असतील तर जरा थांबायला सांगा, एवढंच ते म्हणतात. घटनात्मक पदाची काय अवस्था झाली, हे सांगायला शेकडो शब्दांचा अग्रलेख लागला असता आणि तेव्हा तो छापूही दिला नसता. अबूंनी फक्त जागा बदलली.

आपल्या बातमीत समारंभी कृती आहे जलपूजन. नारळ, हळदकुंकू, ओटी. ती रोजच्या जागी कशी येईल? सोसायटीचं फाटक, दारात टँकर. म्हणजे पूजा टँकरची! आजी ताम्हन घेऊन टँकरसमोर उभ्या आहेत, सुनेच्या हातात ओटीचं सामान आहे, ड्रायव्हर देव्हाऱ्यापुढच्या माणसासारखा हात जोडून अवघडून उभा आहे. वॉचमनच्या हातातल्या पेपरात मथळा दिसतोय: 'धरण भरले, मंत्र्यांच्या हस्ते जलपूजन'. चित्र झालं. इथे मंत्री नाही, त्याचा चेहरा नाही, तरी वाक्यातला कर्ता हजर आहे.

हा प्रसंग टिकतो की नाही ते तपासायला मी तो शेजारच्या एखाद्या माणसाला शब्दांत सांगतो, 'जलपूजन आहे, पण टँकरचं'. समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच काही उमटलं तर पुढे जायचं. समजावून सांगावं लागलं तर प्रसंग बदलायचा. चित्र चांगलं काढून कच्चा प्रसंग सावरता येत नाही, हे मी पुष्कळ कागद वाया घालवून शिकलो.

याच रीतीने जमलेला आणखी एक प्रसंग सांगतो. पुणे महापालिकेची मुदत २०२२च्या मार्चमध्ये संपली, कारभार प्रशासकाकडे गेला आणि निवडणूक थेट २०२६च्या जानेवारीत झाली. त्या मधल्या काळात शहरभर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर 'माजी नगरसेवक' आणि 'भावी नगरसेवक' यांची दाटी होती. मी तो विषय मुलाच्या गृहपाठात नेला. वहीत प्रश्न आहे, 'तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाचे नाव लिहा', आणि खिडकीतून दिसणारे फ्लेक्स दाखवत मुलगा आईला विचारतोय, "माजी लिहू की भावी?" विषय लोकशाहीचा होता आणि जागा स्वयंपाकघरातल्या टेबलाची.

माणसं उभी करणं

छोटी वही आणि बॉलपेन खिशात ठेवा आणि आठवड्यातून दोनदा अशा ठिकाणी जा जिथे लोकांना थांबावं लागतं. स्वारगेटचा बसथांबा, क्षेत्रीय कार्यालयातली मिळकतकराची रांग, ससून रुग्णालयाच्या बाहेरचा कट्टा, तुळशीबागेतल्या दुकानाबाहेर पिशव्या सांभाळत उभे असलेले नवरे. चेहरे काढू नका. पाय काढा, खांदे काढा, पिशवी कुठल्या हातात आहे ते काढा. तासभर उभा असलेला माणूस एका पायावर भार टाकतो, दहा मिनिटं उभा असलेला टाकत नाही. अर्ज परत मिळालेला माणूस कागद दोन्ही हातांनी धरतो. खुर्चीतला कारकून बोलताना मान वर करत नाही, फक्त डोळे वर करतो. हे पाहिलेलं असलं की चित्रातला सामान्य माणूस कुठूनही उचलल्यासारखा दिसत नाही, पुण्यातला दिसतो.

पुण्याने तर व्यंगचित्रकाराला एक खास शाळाच दिलीय: स्कार्फने पूर्ण चेहरा गुंडाळून, कोपरापर्यंत हातमोजे चढवून स्कूटर चालवणारी मुलगी. दिसतात फक्त डोळे. तिची चिडचिड, घाई, दमणूक हे सगळं पाठीच्या कण्यातून आणि हँडलवरच्या मनगटातून दाखवावं लागतं. महिनाभर रोज एक अशी आकृती काढा. चेहऱ्याचा आधार न घेता भाव दाखवता आला की चेहरा मिळाल्यावर काय करायचं ते आपोआप कळतं.

इथे एक बजावून सांगतो. माणसाचा रंग, जात, धर्म, जाडी, तोतरेपणा, लंगडेपणा यांवर हसू आणू नका. पुढाऱ्याचं नाक मोठं काढा, कारण ते ओळखीची खूण आहे. पण त्याचं चुकलं ते नाकामुळे नाही, हे लक्षात असू द्या. बोलीचंही तसंच. हडपसरच्या भाजीवाल्याच्या तोंडी त्याची बोली द्या, सदाशिव पेठेतल्या काकूंच्या तोंडी त्यांची द्या, पण बोली हाच विनोद झाला तर चित्र खालच्या माणसाला हसणारं होतं. तिथे व्यंगचित्राची बाजू उलटते.

हातातल्या आणि आजूबाजूच्या प्रत्येक वस्तूकडे पुन्हा बघा: ती कुणाकडे रोखलेली आहे? व्यंगचित्रकार शंकर यांनी १९४९ साली संविधान तयार व्हायला लागणाऱ्या वेळावर एक चित्र काढलं होतं. गोगलगायीवर चाबूक घेऊन बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. तेच चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आलं आणि २०१२ साली संसदेत गदारोळ झाला. पुस्तकाच्या सल्लागारांपैकी सुहास पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयात तोडफोडही झाली. तोडफोडीचं समर्थन मी कधीच करणार नाही. पण त्या चित्रात बाबासाहेबांच्या मागे उगारलेला चाबूक पाहून ज्यांना वेदना झाली, ती वेदना खरी होती हेही मी मानतो. शंकरांच्या मनात चाबूक गोगलगायीसाठी होता. बघणाऱ्याने तो कुणाच्या पाठीवर पाहिला, हे त्या बघणाऱ्याच्या इतिहासावर ठरलं. चित्र काढताना आपल्याला तो इतिहास ठाऊक असायला हवा.

कागद, शाई, रेघ

अप्पा बळवंत चौकात लागणारं सगळं मिळतं. जाड, गुळगुळीत आयव्हरी कार्ड घ्या, म्हणजे शाई फुटत नाही. वॉटरप्रूफ काळी ड्रॉइंग इंक, टोकदार निब, आणि दोन किंवा तीन नंबरचा गोल ब्रश. ब्रशची रेघ जाड-बारीक होते, तिला जीव येतो. निबची रेघ नेमकी असते. मी माणसं ब्रशने काढतो आणि पेपरातली अक्षरं, चष्म्याच्या काड्या वगैरे निबने. टॅबवर काढत असाल तरी सुरुवातीचं वर्षभर कागद सोडू नका. टॅबवर मागे जाता येतं, त्यामुळे रेघ ओढण्याआधी विचार करायची सवय लागत नाही.

एका कॉलमची रुंदी साधारण चार-साडेचार सेंटिमीटर असते. नेमकं माप त्या पेपरच्या डेस्कला विचारा. चित्र त्याच्या दुप्पट काढा. म्हणजे अर्धा मिलिमीटरची रेघ छापून येताना पाव मिलिमीटर होते, आणि न्यूजप्रिंटवर, म्हणजे पेपरच्या कागदावर, शाई थोडी पसरते. त्यामुळे जवळजवळ ओढलेल्या बारीक रेघांची छटा छापल्यावर काळा डाग होते. टँकरच्या अंगावर सावली हवी असेल तर रेघा मोजक्या आणि सुट्या ठेवा, नाहीतर सरळ काळा भरा. आपल्या चित्रात काळा भाग एकच ठेवायचा: टँकरचं टायर. डोळा तिथून आजींच्या ताम्हनाकडे जातो, कारण ते पांढरं आहे. सोसायटीची इमारत दोन उभ्या रेघा आणि एक बाल्कनी एवढ्यावर आटपा.

काढायचा क्रम असा: अंगठ्याएवढी चार कच्ची रेखाटनं, त्यातलं एक निवडून पेन्सिलने पूर्ण आकाराचं, मग लाइट बॉक्सवर (खालून उजेड येणाऱ्या काचेवर) किंवा खिडकीच्या काचेला लावून दुसऱ्या कागदावर शाईने. पेन्सिलवरच शाई मारून नंतर खोडरबर फिरवला की काळा फिका पडतो.

ओळ लिहिणं आणि अक्षर काढणं

चित्र पूर्ण झाल्यावर ओळ लिहा, आधी नको. माझ्या टँकरच्या चित्राला आधी सुचलेली ओळ होती, 'धरणाचं पाणी आमच्यापर्यंत येत नाही म्हणून आम्ही टँकरची पूजा करतो.' ही ओळ चित्रच पुन्हा सांगते. दुसरी सुचली ती वॉचमनच्या तोंडची: 'तिकडे त्यांचं जलपूजन, इकडे आमचं.' ही बरी आहे, पण यात वॉचमन माणूस राहत नाही, भाष्यकार होतो. खऱ्या प्रसंगात तो असं बोलणार नाही. मग मी आजींकडे वळलो. त्या क्षणी, त्या जागी त्या काय म्हणतील? त्या अगदी मनापासून ओटी भरताहेत. त्यांची तक्रार नाहीच. त्या ड्रायव्हरला म्हणतील: "जरा थांबा हो, ओटी भरल्याशिवाय पाइप लावायचा नाही!" हीच ओळ ठेवली. तिच्यात धरण नाही, मंत्री नाही, टंचाई हा शब्द नाही. ते सगळं चित्रात आहे आणि आजींना त्याचं काही वाटेनासं झालंय, हेच खरं दुखणं आहे.

ओळ आठ-दहा शब्दांत बसवा आणि टोक शेवटी येऊ द्या. 'ओटी भरल्याशिवाय पाइप लावायचा नाही, जरा थांबा' असं केलं की ओळ पडते. मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथला शब्द छापील आहे, बोलण्यातला नाही.

चित्रात हाताने अक्षर काढायचं असेल तर मराठीचं अक्षर जागा मागतं. वर मात्रा-वेलांटी-अनुस्वार, खाली उकार, त्यामुळे दोन ओळींमध्ये अक्षराच्या उंचीइतकं तरी अंतर लागतं. शिरोरेघ अक्षराच्या उभ्या काण्याइतकीच जाड ठेवा. सगळ्यात घात करतो तो अनुस्वार. चित्र लहान झालं की ठिपका उडतो आणि 'रांग' छापून येते ती 'राग' म्हणून. मी अनुस्वार मुद्दाम दीडपट मोठा आणि शिरोरेघेपासून सुटा काढतो. पेपरच्या मथळ्यासारखा चित्रातला मजकूर चार-पाच शब्दांहून जास्त नको. आपला मथळा त्यासाठी मी शेवटी 'मंत्र्यांच्या हस्ते जलपूजन' एवढाच ठेवला, आणि धरणाचा छोटा फोटो त्याच्याखाली तीन रेघांत दाखवला.

पाठवण्याआधी

काळं-पांढरं रेखाचित्र ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, रंगीत असेल तर ३०० पुरतं. मोबाइलने फोटो काढून पाठवलेलं चित्र कडेला वाकतं आणि कागद राखाडी येतो. व्हॉट्सअॅपवर पाठवायचंच असेल तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाते. छापील आकाराचा प्रिंट काढून तो हातभर अंतरावर धरून बघा. मथळा वाचता येतो का? ताम्हन ताम्हन दिसतं का, की ताट? नसेल दिसत तर अजून वेळ आहे, बदला.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. बोलण्या-मांडण्याचं स्वातंत्र्य संविधानाच्या कलम १९(१)(अ) मध्ये आहे आणि त्यावरच्या मर्यादा १९(२) मध्ये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अब्रुनुकसानीचं कलम ३५६ आहे आणि धार्मिक भावना दुखावण्याचं २९९. राष्ट्रध्वज, राजमुद्रा यांचा वापर वेगळ्या कायद्यांखाली येतो, म्हणून ती चिन्हं चित्रात आणताना वकिलाला विचारा. २०१२ साली असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला मुंबईत अटक झाली तेव्हा संसद आणि राजमुद्रेवरची चित्रंच पुढे करण्यात आली होती. राजद्रोहाचं कलम लावलं गेलं आणि पुढे सरकारने ते मागे घेतलं. व्यवहारात मी एवढं पाळतो: माणसाने सार्वजनिक पदावरून केलेल्या कामावर काढायचं, त्याच्या बायकामुलांवर नाही, आणि चित्रातला आरोप ज्या बातमीवर उभा आहे तिचं कात्रण जपून ठेवायचं. संपादकाने हरकत घेतली तर का ते विचारा. 'जाहिरातदार नाराज होईल' आणि 'हे वाक्य सिद्ध करता येणार नाही' या दोन वेगळ्या हरकती आहेत. दुसरीला मान द्या. पहिलीला तुमचं उत्तर काय असेल, ते आजच ठरवून ठेवा.

हक्कांचंही बघून घ्या. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पेपरच्या नोकरीत काढलेल्या चित्राचा हक्क मालकाकडे जातो तो वर्तमानपत्र-नियतकालिकात छापण्यापुरता. करारात वेगळं लिहिलं नसेल तर पुस्तक, प्रदर्शन यांचा हक्क चित्रकाराचाच राहतो. बाहेरून चित्रं देत असाल तर एका मेलमध्ये 'एकदा छापण्यासाठी' एवढं स्पष्ट लिहून घ्या. तरुण मुलं हे विचारायला संकोचतात आणि नंतर स्वतःच्याच चित्रांसाठी परवानगी मागत फिरतात.

चित्र छापून आलं की कात्रण वहीत चिकटवा आणि शेजारी त्या दिवशीची मूळ बातमीही. मूळ कागदाच्या मागे तारीख, बातमी आणि वाक्याच्या पायरीवर लिहिलेलं ते पहिलं म्हणणं लिहून ठेवा. पंधरा वर्षांनी कोण मंत्री, कुठलं धरण हे कुणालाच आठवत नाही, काढणाऱ्यालाही नाही. लिहिताना पेन्सिलच वापरा, तीही हलक्या हाताने. शाई वर्षभरात पुढच्या बाजूला उतरते आणि बॉलपेनचा वळ चित्रात उठतो.